ऑपरेशन झालेल्या बाया

धारूरच्या घाटाखाली ऑपरेशन या शब्दाला मागंपुढं काही जोडावं लागत नाही. डोळ्याचं असलं तर लोक 'मोतीबिंदू काढला' म्हणतात, पाय मोडला तर 'रॉड टाकला' म्हणतात, मूतखडा असला तर 'खडा फोडला' म्हणतात. नुसतं ऑपरेशन म्हटलं की ते बाईचं, आणि कोणतं ते कुणी विचारत नाही, कारण सगळ्यांना माहीत असतं. घोळ एवढाच की ज्याला त्याला वेगळंच माहीत असतं. चिंचखोरीच्या उपकेंद्रातल्या पौर्णिमाला हे कळायला एक वर्ष लागलं आणि त्या वर्षात एका बाईच्या जिवावर बेतलं.

पौर्णिमा अठ्ठावीस वर्षांची, नांदूरघाटची. नर्सिंग शिकून, परीक्षा देऊन 'समुदाय आरोग्य अधिकारी' असं भारदस्त पद घेऊन ती गावात आली, आणि गावानं आठ दिवसांत तिची 'शिष्टरताई' करून टाकली. पोरगी कामाची होती. म्हातारीला गोळ्या देताना पाकिटावर सकाळच्या गोळीला सूर्य आणि रात्रीच्या गोळीला चांदोबा काढून द्यायची. आपल्या हातून चूक होत नाही असा तिचा समज होता आणि गावाचाही तोच होता. असा लौकिक फार वाईट. त्यात माणूस स्वतःला दुसऱ्यांदा विचारायचं विसरतो.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या आधी वरून काम आलं. तीस ते पासष्ट वयाच्या गावातल्या सगळ्या बायकांची माहिती मोबाईलवर भरायची. मग एक लेडी डॉक्टर येणार, गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी करणार, कॅन्सरची काही सुरुवात आहे का ते बघणार. ऊसतोडीच्या टोळ्या गाव सोडायच्या आत हे व्हायला हवं होतं. फॉर्मवर तिसराच प्रश्न होता, 'गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया झाली आहे का?' त्यावर 'हो' दाबलं की पुढचे सगळे प्रश्न आपोआप गायब व्हायचे. जिची पिशवीच नाही तिचं तपासायचं काय, असा त्यामागचा विचार.

पहिल्या घरी पौर्णिमानं प्रश्न जसाच्या तसा वाचला. "काय म्हणायलाव ताई?" असं म्हणून बाई तिच्या तोंडाकडं बघत राहिली. दुसऱ्या घरी तिनं सरळ 'पिशवी काढली का?' असं विचारलं. ओसरीवरचा सासरा खाकरला आणि चपला घालून बाहेर गेला, सून पदर तोंडात कोंबून आत पळाली, आणि सासूनं जी नजर टाकली ती पौर्णिमा अजून विसरलेली नाही. तिसऱ्या घरापासून तिनं तोडगा काढला. "ऑपरेशन झालंय का?" एवढंच. हा प्रश्न सासऱ्यादेखत चालतो, दिरादेखत चालतो, कुणाच्या भुवया वर जात नाहीत. बाई मान हलवून 'हो' म्हणते आणि काम पुढं सरकतं. कुणाला लाजवू नये म्हणून तिनं तो शब्द उचलला, यात वाईट काही नव्हतं.

आणि त्या शब्दाचा अर्थ तिला पक्का ठाऊक होता. ती लहान असताना नांदूरघाटला गल्लीतल्या बाया तोडीवरून परतल्या की महिन्याभरात कुणाचं ना कुणाचं 'ऑपरेशन' व्हायचं. पोटात दुखतंय, अंगावरून जातंय म्हणून दवाखान्यात जायच्या आणि पिशवी काढून यायच्या. तिच्या सख्ख्या मावशीची पिशवी तिशीच्या आत गेली. ऑपरेशन म्हणजे ते. दुसरं कुठलं असू शकतं हे तिच्या मनातही आलं नाही.

सोबत सत्यशीला असायची. सत्यशीला म्हणजे गावची आशा कार्यकर्ती, पन्नाशीला टेकलेली, तोंडानं फटकळ आणि पायानं वाऱ्यासारखी. पौर्णिमानं विचारलं की ही मध्येच बोलायची, "हिचं ना? मीच नेलतं. हिच्या जावंचंबी मीच केलं." आणि वर छाती फुगवायची. पौर्णिमा काही बोलायची नाही, पण तिच्या मनात त्या बाईविषयी अढी बसली. तरण्याताठ्या बायांना पिशव्या काढायला नेते आणि वर मिरवते! कुठल्या तरी दवाखान्याशी हिचं साटंलोटं असणार, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं.

मुक्ताबाईच्या घरी तर हसत हसत उत्तर मिळालं होतं. मुक्ताबाई चौपन्न वर्षांची, अंगानं काटक, गावभर जिच्या हातच्या ज्वारीच्या पापड्या मागून नेतात अशी बाई. तिनं सुनेच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाली, "ल्ही ताई, ल्ही. आमच्या घरात सासू-सून दोगीबी ऑपरेशनवाल्या." सून रोहिणीला नुकतंच तिसावं पुरं झालं होतं. एवढ्या वयात पिशवी गेली म्हणून पौर्णिमाला तिची दया आली. दोघींच्या नावापुढं तिनं 'हो' दाबलं.

गावातल्या एकशे अडुसष्ट बायांपैकी एकशे चार जणींनी 'हो' म्हटलं होतं. आकडा बघून पौर्णिमाला वाईट वाटलं. नवल मात्र वाटलं नाही, आणि वाटायला हवं होतं.

कॅम्पच्या दिवशी मुक्ताबाई आपणहून आली. सकाळपासून व्हरांड्यात बसली होती. तिचा नंबर आला तेव्हा पौर्णिमानं मोबाईलमध्ये नाव बघितलं आणि गोड आवाजात सांगितलं, "मावशी, तुमचं ऑपरेशन झालंय. तुम्हाला तपासणीची गरज नाही. घरी जा, उगाच ताटकळू नका." मुक्ताबाईनं क्षणभर काही तरी बोलायला तोंड उघडलं, मग मिटलं, आणि ती गेली. तालुक्यात सगळ्यांत आधी काम पुरं केलं म्हणून बैठकीत पौर्णिमासाठी टाळ्या वाजल्या.

यंदा घटस्थापनेला चार दिवस असताना मुक्ताबाई रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला आली. दुपार होती, उपकेंद्रात दुसरं कुणी नव्हतं. पौर्णिमा दंडाला पट्टा गुंडाळत होती आणि मुक्ताबाई बोलत होती. यंदा घटाला माती आणायचं काम सुनेवर टाकलंय, माळ सूनच घालणार.

"का? तुम्हाला काय झालं?"

"काय सांगू माय, सांगायची लाज वाटायलीय," मुक्ताबाई पदराआड हसली. "म्हातारपनी मला पुन्ना कावळा शिवायलाय. चार वरसं सुखाची गेली, आता पुन्ना बाहेर बसायचं आलं. मी बाहेर, अन् देवीपुढं बसनार कोन?"

पौर्णिमानं दंडावरचा पट्टा सोडला. "मावशी, पण तुमची पिशवी काढलीय ना?"

"माजी? कुनी सांगितलं?"

"तुम्हीच. ऑपरेशन झालंय म्हणालात."

"झालंय की! माज्या हरिओमच्या पाठीवर झालं. शाळंत क्याम्प भरलता, मास्तरानं घरी येऊन येऊन हैरान केलतं. दोन लेकरं हायत, आता बंद करा म्हणाला. लेकरं बंद करायचं ऑपरेशन." तिनं पौर्णिमाकडं नीट बघितलं. "ऑपरेशन म्हंजी दुसरं कोन्तं असतंय बाई?"

पाळी जाऊन चार वर्षं झालेल्या बाईच्या अंगावरून रक्त जातंय, याचा अर्थ काय असू शकतो हे तिला पुस्तकातल्या पानासकट आठवलं.

"कधीपासून होतंय हे?"

"मागल्या वरसाच्या पोळ्याच्या आदीपासून. आदी थेंब थेंब, मंग बंद व्हायचं. ह्या दोन म्हैन्यात जास्ती."

"मागच्या वर्षीच्या पोळ्यापासून? मग मला सांगायचं नाही का, मावशी?"

"सांगायलाच आलते की क्याम्पाला. तू म्हनलीस ऑपरेशनवालीला गरज न्हाई. मंग मला वाटलं, ऑपरेशनवाल्या बायांला असं व्हतच आसंल."

मुक्ताबाईच्या बोलण्यात तक्रारीचा लवलेश नव्हता. तिनं फक्त काय झालं ते सांगितलं. पौर्णिमाला वाटलं, हिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तिनं दार लावून घेतलं आणि तिथंच तपासणी केली. तेवढं शिक्षण तिला होतं. जे दिसलं ते बघून तिनं हातमोजे काढले, मुक्ताबाईला साडी नीट करायला सांगितलं आणि खिडकीकडं तोंड करून हरिओमला फोन लावला. हरिओम म्हणजे मुक्ताबाईचा मुलगा, रोहिणीचा नवरा. "उद्या सकाळी आईला घेऊन अंबाजोगाईला निघायचं. मीही येते," एवढंच ती म्हणाली.

अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात तपासणीसाठी तुकडा काढला आणि दहा दिवसांनी यायला सांगितलं. ते दहा दिवस पौर्णिमानं कसे काढले ते तिचं तिला माहीत. मुक्ताबाईच्या नावापुढं तिनं 'हो' दाबला होता, तसे अजून एकशे तीन 'हो' तिच्या मोबाईलमध्ये बसलेले होते. त्यातली कुणाची पिशवी आहे आणि कुणाची नाही, कोण जाणे.

दुसऱ्याच दिवशी तिनं सत्यशीलाचं घर गाठलं. सत्यशीला अंगणात शेंगा फोडत बसली होती.

"सत्यशीलाताई, तुम्ही बायांना कुठल्या ऑपरेशनला नेत होता?"

"कुठल्या म्हंजी? कुटुंब नियोजनाच्या. सरकारी दवाखान्यात. रजिस्टर हाय माज्याकडं, दाखवू का?"

"आणि मी विचारत होते ते ऑपरेशन म्हणजे पिशवीचं."

सत्यशीलानं हातातली शेंग सुपात टाकली. एकाच ओसरीवर, एकाच सतरंजीवर बसून दोघींनी आठ दिवस हे काम केलं होतं.

"आन् म्हनूनच तुमी वरीसभर माज्याशी तोंड वाकडं करून व्हतात व्हय?" सत्यशीला म्हणाली. "तुमाला वाटलं, मी बायांच्या पिशव्या काढायला नेतेय? कमिशन खातेय?"

पौर्णिमानं मान खाली घातली. खोटं बोलायला तिच्याजवळ काही उरलं नव्हतं.

सत्यशीला भडकली, दोन-चार शब्द बोलली, सुपातल्या शेंगा उगाच खालीवर केल्या. पण बाई मोठ्या मनाची होती. राग ओसरल्यावर पहिला प्रश्न तिनंच विचारला, "मंग आता त्या बायांचं काय?"

पौर्णिमा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरसाहेबांकडं गेली. त्यांनी सगळं ऐकून कपाळाला हात लावला. माहिती वर जाऊन बसलीय, आता बदलायची तर शंभर प्रश्न येतील, पुढच्या वर्षी सगळ्यांची नव्यानं भरून घेऊ, असं त्यांचं म्हणणं. माणूस वाईट नव्हता, थकलेला होता. पौर्णिमा म्हणाली, "साहेब, एक वर्ष मी आधीच घालवलंय. अजून एक नको." साहेबांनी तपासणीचं सामान काढून दिलं आणि लेडी डॉक्टरला पुन्हा बोलावण्यासाठी पत्रावर सही केली.

मग दोघी पुन्हा दारोदार निघाल्या. या खेपेला सत्यशीलानं पद्धत बदलली. घरात शिरताच ती पुरुषांना सांगायची, "भाऊ, जरा वाईच चक्कर मारून या. बायकांचं काम हाय." आणि दार ओढून घेऊन बाईला विचारायची, "ऑपरेशन झाल्यावर बाहेर बसत व्हतीस का न्हाई?" या एका प्रश्नानं शब्दाचा गुंता सुटायला लागला.

एकेका घरात ऐकून पौर्णिमा थक्क होत गेली. पन्नाशीच्या पुढच्या बाया ऑपरेशन म्हणाल्या होत्या ते लेकरं बंद करायचं. त्यांच्या तरुणपणी दुसरं नव्हतंच. चाळिशीच्या आसपासच्या, तोडीला जाणाऱ्या बाया म्हणाल्या होत्या ते पिशवीचं. आणि नव्या सुनांचं तिसरंच. रोहिणी म्हणाली, "ताई, माझं सिझर झालं ना, बाळाच्या वेळी! आमच्या वयाच्या सगळ्या त्यालाच ऑपरेशन म्हणतो." कायमची थांबलेली कूस, काढून टाकलेली कूस आणि लेकराला बाहेर आणलेली कूस, तिन्ही एका शब्दात, एका घरात, एका चुलीपाशी नांदत होत्या. कुणाचंच कुणाशी भांडण नव्हतं.

मनिषाच्या घरी मात्र निराळंच निघालं. मनिषा बत्तीस वर्षांची, दोन मुलींची आई, टोळीबरोबर जाणारी. तीन वर्षांपूर्वी एका खाजगी दवाखान्यात तिचं ऑपरेशन झालं होतं.

"कोन्तं?" सत्यशीलानं विचारलं.

"लेकरं बंद करायचं. मी सोता सांगितलं की डॉक्टरला, माजं ऑपरेशन करून टाका म्हनून."

"मंग पाळी येतीय ना?"

"न्हाई. तवापासून एकदाबी न्हाई. येत नसतीच ना ऑपरेशनवालीला?"

पत्र्याच्या पेटीतून तिनं दवाखान्याचा कागद काढून दिला. पौर्णिमानं तो दोनदा वाचला. पिशवी काढल्याचं त्यात लिहिलं होतं. बाईनं एक शब्द सांगितला होता, डॉक्टरनं दुसरा ऐकला होता, किंवा ऐकायचा तोच ऐकला होता, आणि तीन वर्षं तिला कुणीच काही सांगितलं नव्हतं. पौर्णिमानं सांगितलं. हळू सांगितलं, हात धरून सांगितलं. मनिषानं पदराखाली पोटावर हात ठेवला आणि विचारलं, "म्हंजी आतमदी काईच न्हाई?" या प्रश्नावर काय बोलायचं ते कुठल्याच शिक्षणात नव्हतं. सत्यशीला तिला कुशीत घेऊन तासभर बसून राहिली. त्या दिवशी त्या पुढच्या घरी गेल्या नाहीत.

दहाव्या दिवशी अंबाजोगाईला निकाल कळला. कॅन्सरच होता. डॉक्टरबाई समजूतदार होत्या. त्यांनी मुक्ताबाईला समोर बसवून सांगितलं, "घाबरू नका आजी. आपल्याला ऑपरेशन करावं लागेल."

"माजं झालंय की," मुक्ताबाई म्हणाली. "येकाच बाईचं दोनदा कसं करता?"

डॉक्टरबाई हसल्या, हरिओम हसला. पौर्णिमाला हसू आलं नाही.

बाहेर आल्यावर डॉक्टरबाईंनी हरिओमला आणि पौर्णिमाला बाजूला घेतलं. अजून बाहेर पसरलेलं दिसत नाही, पण खरं काय ते काढून तपासल्यावरच कळेल. "वर्षभर आधी आल्या असत्या तर बहुधा दहा मिनिटांचं काम होतं," त्या म्हणाल्या. "तेवढी जागा जाळून त्याच दिवशी घरी पाठवलं असतं. तुमच्या गावात कॅम्प झाला नव्हता का?"

हरिओमनं पौर्णिमाकडं कौतुकानं बघितलं. "आमची शिष्टरताई हाय म्हणून एवढं तरी कळलं डॉक्टर. हिनंच धरून आणलं आईला. सख्खी लेक करणार नाही एवढं करायलीय."

खरं बोलायची ती वेळ होती आणि ती तिनं जाऊ दिली. गावात परतल्यावर तर कहरच झाला. रोहिणीनं तिची दृष्ट काढली, मुक्ताबाईच्या नवऱ्यानं, सुंदररावांनी, वयानं एवढ्या मोठ्या माणसानं, तिच्यापुढं हात जोडले. दर वेळी पौर्णिमाला वाटायचं, आता सांगावं. दर वेळी वाटायचं, ऑपरेशन होऊ दे, मग सांगू. आणि त्याच्या मागं अजून एक विचार दबा धरून होता, तो तिचा तिलाच फार किळसवाणा वाटला. बाई वाचली नाही, तर सांगावंच लागणार नाही.

तो विचार मनात आला त्याच दिवशी ती दुपारच्या एसटीत बसली. दुसऱ्या दिवशी मुक्ताबाईचं ऑपरेशन होतं. वॉर्डात रोहिणी सोबत होती, ती चहा आणायला खाली गेली. पौर्णिमा खाटेशेजारच्या स्टुलावर बसली आणि बोलायला लागली. मध्ये थांबली नाही. फॉर्म, प्रश्न, शब्द, तिनं दाबलेला 'हो', कॅम्पचा दिवस, सगळं सांगितलं. "तुम्ही आला होतात आणि मी तुम्हाला परत पाठवलं. चूक माझी आहे, मावशी."

मुक्ताबाई म्हणाली, "म्हंजी त्या दिशी माजी तपासनी व्हायाला पायजे व्हती?"

"हो."

"आन् झाली आसती तर उद्याचं हे लागलं नसतं?"

"कदाचित नसतं लागलं. नसतंच लागलं बहुतेक."

मुक्ताबाईनं कूस बदलली आणि भिंतीकडं तोंड केलं. शेजारच्या खाटेवरची बाई संत्रं सोलत होती, तिनं ह्या दोघींकडं बघितलं आणि हात आवरता घेतला.

"न्हाऊनधुऊन आलते मी त्या दिशी," मुक्ताबाई भिंतीशी बोलली. "नवी साडी नेसून. सकाळधरनं बसलते. परक्या बाईसमोर उघडं व्हायाचं म्हनून पोटात गोळा आलता, तरीबी उठले न्हाई. तू गरज न्हाई म्हनलीस, तवा मी देवीला हात जोडले."

पौर्णिमाला हुंदका आवरेना.

"रडू नगंस. रडायचं आसंल तर मी रडंन." मुक्ताबाई वळली. तिचे डोळे कोरडे होते आणि रागानं बारीक झाले होते. "किती बाया आशा तुज्या मोबाईलात?"

"एकशे चार."

"पुन्ना इचारलंस त्यांला?"

"एकोणसत्तर झाल्या. पस्तीस राहिल्यात. त्या टोळीवाल्या आहेत, परवा त्यांच्या गाड्या निघतील."

"मंग हितं कावून बसलीस?"

पौर्णिमानं डोळे पुसले.

"मला लई बोलायचंय तुला," मुक्ताबाई म्हणाली. "पन आज न्हाई. सकाळी मला टेबलावर घेनार हायत, आज मी डोकं तापवून घेनार न्हाई. जगले तर भांडन तुज्यासंगं. चांगलं भांडन. ऊठ, जा आता."

त्या पस्तीस बाया पौर्णिमानं आणि सत्यशीलानं दीड दिवसात गाठल्या. काहींना भरलेल्या ट्रॉलीतून खाली उतरवून उपकेंद्रात नेलं. मुकादम कुरकुरला, तेव्हा सत्यशीलानं त्याला असं फैलावर घेतलं की त्यानं स्वतःच ट्रॅक्टर बंद केला. मग लेडी डॉक्टर आली. गेल्या वर्षी तपासणीतून गळालेल्या ज्या बायांची पिशवी शाबूत निघाली, त्या सगळ्यांची तपासणी झाली. तिघींच्या गर्भाशयाच्या तोंडावर पांढरा डाग सापडला, कॅन्सरच्या आधीची खूण. तिघींचाही दहा मिनिटांत जाळला, आणि त्या चालत घरी गेल्या.

मुक्ताबाईचं ऑपरेशन झालं एवढं कळलं होतं. काढलेली पिशवी तपासायला पाठवली होती. त्याचा निकाल यायचा होता, आणि हरिओम फोनवर हल्ली तुटक बोलत होता. आईनं त्याला सांगितलं असणार. पौर्णिमानं विचारलं नाही. ती फोन जवळ घेऊन काम करायची, जवळ घेऊन जेवायची.

ऑपरेशननंतर बाराव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला तो वाजला.

"ताई, हरिओम बोलतोय." आवाज नेहमीपेक्षा कोरडा होता. "निकाल आला. पसरलेलं न्हाई. डॉक्टर म्हणाल्या, सगळं निघालंय, रेडिएशनचा शेक द्यायचीबी गरज न्हाई. दर तीन म्हैन्याला दाखवायचं फक्त."

पौर्णिमा व्हरांड्याच्या पायरीवर बसली. फोनमध्ये मागं कुणी तरी तावातावानं बोलत होतं.

"आन् अजून येक," हरिओम म्हणाला. त्याच्याही आवाजात आता काही तरी हललं. "आई सकाळपासून कुणाला बसू देईना. टाके वल्ले हायत, उठू नको म्हनलं तर ऐकंना. म्हनती, त्या शिष्टरला बोलवा. मला तिच्याशी भांडायचंय म्हनती."

"येते म्हणावं," पौर्णिमा रडत रडत म्हणाली. "आत्ता येते." आणि उपकेंद्राची किल्ली सत्यशीलाच्या हातात देऊन ती अंबाजोगाईची एसटी धरायला फाट्याकडं पळत सुटली.